स्त्रादिव्हारी, आंतोन्यो

(सु. १६४४–१८ डिसेंबर १७३७). जगविख्यात इटालियन व्हायोलिनकार. आडनावाच्या लॅटिन रूपावरून तो ‘स्त्रादिव्हारिउस’ या नावानेही ओळखला जातो व त्याच्या वाद्यांना ‘स्ट्रॅड’ ही संक्षिप्त संज्ञा रूढ झाली आहे. उत्तर इटलीतील क्रेमोना या लहानशा नगरात त्याचे जवळजवळ सारे आयुष्य गेले. हे नगर त्या काळी मिलानच्या डचीत, स्पॅनिश अंमलाखाली होते. पुढे स्त्रादिव्हारीच्या उतारवयात ते ऑस्ट्रियाकडे गेले. सत्ता बदलल्या, सैन्ये आली व गेली. परंतु या कारागिराच्या कामात सत्तर वर्षे फारसा खंड पडला नाही. व्हायोलिन, व्हिओला व चेलो यांखेरीज गिटार, मँडोलिन आणि हार्प ही वाद्येही त्याने घडविली. लंडनच्या हिल बंधूंनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्याच्यावरील ग्रंथात त्याच्या एकूण वाद्यांची संख्या १,११६ असावी, असा अंदाज केला आहे. त्यांपैकी सु. ६५० आज अवशिष्ट असून त्यांत सु. ५०० व्हायोलिन आहेत.

त्याची जन्मनोंद कोठेही सापडलेली नाही. अखेरच्या काही वाद्यांतील चिठ्ठ्यांवर त्याने आपले वय स्वहस्ताक्षरात नोंदविले असून १७३७ च्या सुमारास ते ९३ असल्याचे त्यांवरून दिसते. त्यावरून १६४४ हे जन्मवर्ष काढण्यात येते. नव्वदी ओलांडलेल्या वृद्धास आपले वय सांगण्याचा जो अभिमान असतो, तोच येथे चरित्रकारांच्या कामी आला आहे.

क्रेमोनातील व्हायोलिननिर्मितीची परंपरा आंद्रेआ आमाती (सु. १५०५–७७) याने सुरू केली. त्याचे पुत्र आंतोन्यो व जिरोलामो आणि नातू निकोलो (१५९६–१६८४) यांनी ती चालविली. १६३० च्या प्लेगच्या साथीत जिरोलामो मरण पावला आणि ही विद्या जाणणारा निकोलो हा क्रेमोनात जवळजवळ एकटाच उरला. तोवर ही कला घराबाहेर गेली नव्हती. मागणी मोठी व हात थोडे, अशा स्थितीत निकोलोने घराण्याबाहेरचे उमेदवार हाताशी घेतले. त्यांपैकी आंद्रेआ ग्वार्नेरी याने पुढे स्वतःचे घराणे स्थापिले. साथीमुळे एक परंपरा नष्टही झाली असती. प्रत्यक्षात ती एका घरातून गावात पसरली. स्त्रादिव्हारीच्या उदयामागे ही घटना आहे.

तो स्वतः निकोलोचा शिष्य होता काय, हा प्रश्न मात्र पूर्णपणे सुटलेला नाही. १६६६ सालच्या एका व्हायोलिनमधील चिठ्ठीत त्याने स्वतःला ‘निकोलो आमातीचा शिष्य’ म्हटले आहे. तथापि आमातीच्या घरी राहणाऱ्या उमेदवारांच्या चर्चदप्तरातील नोंदींत त्याचे नाव आढळत नाही आणि पुढील चिठ्ठ्यांत तो हा उल्लेख करीत नाही. १६६७ मध्ये विवाहानंतर त्याने भाड्याने घेतलेले घर फ्रांचेस्को पेस्कारोली या लाकूडकोरक्याच्या मालकीचे होते. त्यावरून तो आरंभी कोरीव व जडावाचे काम शिकला असावा, असे काही अभ्यासक मानतात. १६७७ चे ‘सनराइझ’, १६७९ चे ‘हेलिअर’ यांसारख्या त्याच्या मोजक्या अलंकृत वाद्यांच्या कडांवरील हस्तिदंती जडावाचे काम पाहिले, म्हणजे हा तर्क अगदीच निराधार वाटत नाही.

त्याची पत्नी फ्रांचेस्का फेराबोस्की ही विधवा होती. तिच्या पहिल्या पतीची हत्या १६६४ मध्ये तिच्याच भावाने केली होती. ४ जुलै १६६७ रोजी स्त्रादिव्हारीशी तिचा विवाह झाला. १६८० मध्ये त्याने सान दोमेनिको चर्चसमोरील तीन मजली घर ७,००० इंपीरियल लिरांस विकत घेतले. आपल्या बहुतेक थोर कलाकृती त्याने याच घरात घडविल्या. १६९८ मध्ये फ्रांचेस्का निवर्तली व पुढच्याच वर्षी त्याने आंतोन्या मारीया झांबेल्ली हिच्याशी विवाह केला. पहिल्या पत्नीपासून झालेले फ्रांचेस्को (१६७१–१७४३) व ओमोबोनो (१६७९–१७४२) हे दोघे पुत्र अखेरपर्यंत बापाच्या कार्यशाळेत राबले. दोघेही अविवाहित राहिले व दोघांच्याही नावावर स्वतंत्र असे काम अत्यल्प आहे. बापाच्या नावाने बाहेर पडलेल्या वाद्यांत, विशेषतः १७२५ नंतरच्या वाद्यांत, त्यांचा हात किती, याचा अंदाज तज्ञ आजही घेत आहेत. १७२९ मध्ये केलेले स्त्रादिव्हारीचे मृत्युपत्र १९९० च्या दशकात प्रकाशात आले. त्यात कार्यशाळा व मालमत्तेचा मुख्य भाग फ्रांचेस्कोस दिला असून ओमोबोनोच्या नेपल्समधील वास्तव्यावर झालेला खर्च त्याच्या नावे मांडण्यास वृद्ध पिता विसरलेला नाही. ‘स्त्रादिव्हारीसारखा श्रीमंत’ अशी म्हण क्रेमोनात प्रचलित होती, असे परंपरा सांगते. तो श्रीमंत कसा झाला, याचा काहीसा उलगडा या मृत्युपत्रावरून होतो.

त्याच्या कार्याचे सामान्यतः चार कालखंड पाडतात. १६९० पर्यंतच्या वाद्यांवर आमाती शैलीचा ठसा आहे : बांधणी नाजूक, पाट्यांचा उठाव जास्त, रोगण सोनेरी पिवळे आणि नाद गोड पण मर्यादित. १६९० च्या सुमारास त्याने व्हायोलिनची पेटी काहीशी लांब केली. नेहमीच्या सु. ३५५ मिमी. ऐवजी सु. ३६२ मिमी. लांबीचा हा ‘दीर्घ आराखडा’ त्याने सुमारे दहा वर्षे वापरला. त्यामागे ब्रेशा येथील जुन्या कारागिरांचा गंभीर नाद मिळविण्याची इच्छा असावी. प्रतिष्ठा लाभलेल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या कारागिराने चालू नमुना बाजूला ठेवून एवढा दीर्घ प्रयोग करावा आणि तो पुरेसा फलदायी नाही असे दिसताच सोडूनही द्यावा, ही गोष्ट त्याच्या स्वभावाविषयी बरेच काही सांगते. १७०० पासून तो पुन्हा जुन्या लांबीकडे वळला. पण आता पाट्या अधिक सपाट, कंबर अधिक भरदार, कोपरे ठाशीव व रोगण नारिंगी-तांबूस झाले. १७०० ते सु. १७२५ हा त्याचा ‘सुवर्णकाल’ होय. ‘बेट्स’ (१७०४), ‘डॉल्फिन’ (१७१४), ‘सॉइल’ (१७१४), ‘आलार’ (१७१५) व ‘मेसाया’ (१७१६) ही व्हायोलिन या काळातील आहेत. ‘डॉल्फिन’ काही काळ याशा हायफेट्झकडे होते. भारतीय रसिकांस सुपरिचित असलेल्या येहूदी मेन्यूइनने वाजविलेले ‘सॉइल’ पुढे इट्झाक पर्लमनकडे आले. अखेरच्या कालखंडातील वाद्यांत हात थरथरल्याच्या खुणा दिसतात. ‘एफ’ अक्षराच्या आकाराची नादरंध्रे क्वचित समोरासमोर बसत नाहीत. पण नाद खालावलेला नाही.

व्हायोलिनइतकाच त्याचा मोठा वाटा चेलोच्या विकासात आहे. सतराव्या शतकातील चेलो आकाराने मोठे असत व प्रामुख्याने खर्जाच्या साथीसाठी वापरले जात. वाद्य एकलवादनासाठी पुढे येऊ लागले, तेव्हा त्याचा आकार वादकाच्या हातांस जड वाटू लागला. सु. १७०७ पासून स्त्रादिव्हारीने सु. ७५ सेंमी. पेटीचा जो आराखडा सिद्ध केला, तोच आजच्या चेलोचा आदर्श ठरला. ‘ड्यूपोर’ (१७११) व ‘दाव्हिदॉव्ह’ (१७१२) हे त्याचे प्रसिद्ध नमुने होत.

त्याची कार्यपद्धती आज बऱ्याच तपशिलाने सांगता येते. कारण त्याचे लाकडी साचे, कागदी आराखडे व हत्यारे मोठ्या संख्येने टिकून आहेत. तो आतील साच्याची पद्धत वापरी. वाद्याच्या आतल्या आकाराचा लाकडी फळीचा साचा घेऊन त्याच्या कोपऱ्यांत व दोन्ही टोकांना विलो लाकडाचे ठोकळे तात्पुरते चिकटवीत. मग सु. १ मिमी. जाडीच्या मॅपलच्या पट्ट्या तापलेल्या लोखंडावर वाकवून साच्याभोवती बसवीत. याच वाद्याच्या बरगड्या. त्यांच्या बाह्यरेषेवरून पाठीचा व वरच्या पाटीचा आकार आखला जाई. पाठ मॅपलची, वरची पाटी स्प्रूसची. स्प्रूस आल्प्सच्या उतारावरील जंगलांतून येई. लाटांसारखे पट्टे असलेले उत्तम मॅपल एड्रिॲटिक समुद्रापलीकडून व्हेनिसमार्गे येत असे, असे मानतात. पाट्या दाबून वाकविल्या जात नाहीत. जाड फळी बाहेरून व आतून पटाशीने आणि लहान रंध्यांनी कोरून, शेवटी खरवडून ती कमानदार केली जाते. वरची पाटी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर उरते. पाठ मध्यभागी त्याहून जाड व कडेकडे पातळ होत जाते. किती ठेवावे आणि किती काढावे, हे प्रत्येक फळीच्या घनतेवर अवलंबून असते व ते मोजपट्टीवर सांगता येत नाही. कारागीर पाटी हातात तोलतो, बोटांनी वाकवून पाहतो, टिचकी मारून ऐकतो. काढलेले लाकूड परत लावता येत नसल्याने या कामात घाईला क्षमा नाही.

जोड सरसाने दिले जात, म्हणजे वाद्य उघडून दुरुस्त करता येई. कडेलगत बसविलेली काळी-पांढरी-काळी बारीक नक्षीपट्टी ही केवळ शोभा नव्हे; कडेची चीर आत पसरू नये, हेही तिचे काम आहे. रोगणाला वेळ लागे. विलंबाबद्दल एका ग्राहकाची क्षमा मागणारे स्त्रादिव्हारीचे १७०८ चे पत्र उपलब्ध असून, उन्हाने रोगणाच्या भेगा पुन्हा उघडू नयेत म्हणून वाद्य थांबवून ठेवावे लागल्याचे त्याने त्यात कळविले आहे. पत्राची भाषा साधीसुधी, अल्पशिक्षित माणसाची आहे. त्याचे ग्राहक मात्र थोर होते. फ्लॉरेन्सच्या फेर्दिनांदो दे मेदिची या राजपुत्रासाठी १६९० मध्ये त्याने वाद्यांचा एक संच करून दिला. त्यातील मोठा व्हिओला फ्लॉरेन्स येथे आजही जवळजवळ मूळ स्थितीत आहे.

‘मूळ स्थितीत’ या शब्दप्रयोगास येथे विशेष महत्त्व आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मैफली दरबारी दालनांतून मोठ्या सभागृहांत आल्या. स्वरपट्टी चढत गेली व तारांवरील ताण वाढला. त्यासाठी जुन्या व्हायोलिनांची मान काढून अधिक लांब व मागे कललेली मान बसविण्यात आली, आतील खर्जदांडी जाड करण्यात आली, बोटपट्टी लांबविली गेली. तातीच्या तारांची जागा विसाव्या शतकात बहुधा धातूच्या वा कृत्रिम तंतूंच्या तारांनी घेतली. बहुतेक सर्व स्ट्रॅड या शस्त्रक्रियेतून गेले आहेत. तेव्हा आज आपण ऐकतो तो नाद स्त्रादिव्हारीने ऐकला होता, असे म्हणता येत नाही. त्याच्या सपाट, दणकट बांधणीने हा वाढीव ताण सोसला आणि त्यातूनच मोठ्या सभागृहाला पुरणारा नाद दिला, हे मात्र खरे. आमाती व टिरोलचा याकोप श्टाइनर यांच्या उंच कमानीच्या वाद्यांना ते तितकेसे साधले नाही. अठराव्या शतकात श्टाइनरच्या वाद्यांना स्ट्रॅडपेक्षा अधिक मान होता; जोव्हान्नी बात्तिस्ता व्ह्योत्ती याने १७८२ मध्ये पॅरिस गाजविल्यानंतर स्त्रादिव्हारीच्या वाद्यांकडे रसिकांचे विशेष लक्ष वेधले गेले आणि हा क्रम पालटला.

परंतु तोवर क्रेमोनातील परंपरा जवळजवळ संपुष्टात आली होती. १७३७ मध्ये स्त्रादिव्हारी वारला. १७४२ मध्ये ओमोबोनो व १७४३ मध्ये फ्रांचेस्को गेला. १७४४ मध्ये त्याच्या तोडीचा एकमेव समकालीन जुझेप्पे ग्वार्नेरी ‘देल जेझू’ आणि १७४७ मध्ये कार्लो बेर्गोंझी मरण पावला. अवघ्या दहा वर्षांत जाणते हात नाहीसे झाले. धाकटा पुत्र पाओलो (१७०८–७५) हा कापडाचा व्यापारी होता. काउंट कोझिओ दी सालाबूए या तरुण संग्राहकाने १७७५ मध्ये वडिलांचे साचे व हत्यारे विकत मागितली, तेव्हा पाओलोने ती देऊ केली. मात्र ती क्रेमोनात राहता कामा नयेत, अशी अट घातली. या अटीमागे गावातील कोणाविषयी अढी होती की आणखी काही, ते पत्रात नाही. व्यवहार पुरा होण्यापूर्वीच पाओलो वारला व त्याच्या मुलाने तो १७७६ मध्ये पुरा केला. दीडशे वर्षांहून अधिक काळ क्रेमोनाजवळ आपल्या सर्वांत प्रसिद्ध नागरिकाचे साचे नव्हते. सान दोमेनिको चर्च १८६९ मध्ये पाडण्यात आले आणि तेथील त्याची कबर व अस्थी यांचाही ठाव राहिला नाही. कबरीवरील शिळा तेवढी उरली. पण तिच्यावरही आधीच्या मालकांचे, व्हिल्लानी घराण्याचे, नाव आहे, कारण त्या काटकसरी गृहस्थाने १७२९ मध्ये जुनीच कबर विकत घेतली होती.

वाद्ये जगभर पांगली, त्यात लुईजी तारीझ्यो या सुताराचा मोठा वाटा आहे. खेड्यापाड्यांतून व मठांतून जुनी व्हायोलिन गोळा करून तो १८२७ पासून पॅरिसच्या व्यापाऱ्यांस विकू लागला. कोझिओकडून घेतलेल्या एका अस्पर्श व्हायोलिनचे वर्णन तो वर्षानुवर्षे करी. ते आणी मात्र कधीच नाही. ‘मग हे व्हायोलिन म्हणजे मसीहाच की, सदा वाट पाहावी आणि त्याने कधी येऊ नये,’ असे वादक देल्फँ आलार याने म्हटले आणि तेच त्याचे नाव पडले. १८५४ मध्ये तारीझ्यो वारल्याचे कळताच झां बातिस्त व्हीयोम याने इटली गाठून त्याच्या वारसांकडून शंभराहून अधिक वाद्यांचा साठा विकत घेतला. त्यात ‘मेसाया’ होते. ते पुढे हिल घराण्याने ऑक्सफर्डच्या ॲश्मोलिअन संग्रहालयास दिले. ते इतके नवे दिसते, की ते व्हीयोमनेच बनविलेली नक्कल असावी, असा संशय १९९० च्या दशकात घेतला गेला. वृक्षवलयांच्या मोजणीत त्याच्या वरच्या पाटीतील शेवटचे वलय १६८० च्या दशकातील ठरले. यामुळे लाकडाचा काळ जुळतो. बहुतेक तज्ञ ते अस्सल मानतात.

नकलांचा प्रश्न याहून फार व्यापक आहे. फ्रान्समधील मिरकूर, जर्मनीतील मार्कनॉयकिर्खेन यांसारख्या गावांत एकोणिसाव्या शतकापासून लाखो स्वस्त व्हायोलिन तयार झाले व त्यांत ‘आंतोनिउस स्त्रादिवारिउस क्रेमोनेन्सिस’ अशी छापील चिठ्ठी डकविण्यात आली. तीत फसविण्याचा हेतू नेहमीच नसे. ‘त्या नमुन्याचे’ एवढाच तिचा अर्थ. गोव्यातील चर्चसंलग्न संगीतशाळांमुळे आपल्याकडे व्हायोलिन पोर्तुगीज काळापासून रुळलेले आहे आणि भारतातील जुन्या वाद्यांतही अशी चिठ्ठी आढळते. ती पाहून हरखून जाण्याचे कारण नाही. चिठ्ठीवरून वाद्य ओळखले जात नाही. बांधणी, रोगण, हत्यारांच्या खुणा आणि मालकीची सलग परंपरा यांवरून ते ओळखले जाते.

स्त्रादिव्हारीच्या ‘रहस्या’वर विपुल लिहिले गेले आहे. रोगणात गुपित आहे, हे मत सर्वांत लोकप्रिय होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच वाद्यांच्या रोगणाच्या फ्रेंच विश्लेषणात तेलाचा एक थर व त्यावर तेल आणि पाइन-राळ यांचे रंगद्रव्ययुक्त रोगण आढळले. ही सर्व द्रव्ये त्या काळी रंगाऱ्यांच्या दुकानांत मिळत. १६४५–१७१५ या काळातील सौरडागांच्या दुर्भिक्षामुळे आल्प्समधील झाडे सावकाश वाढली व त्यांचे लाकूड घट्ट झाले, अशी उपपत्ती २००३ मध्ये मांडण्यात आली. परंतु तशा लाकडातून इतरांनीही सामान्य वाद्ये घडविलीच. लाकडावर बोरॅक्स, तुरटी यांसारख्या खनिज द्रव्यांची प्रक्रिया झाली असावी, या जोसेफ नॉजव्हारी याच्या मतास पुढील रासायनिक परीक्षणांत काही पुष्टी मिळाली आहे. तथापि एका गुपितावर सारे श्रेय टाकणे म्हणजे सत्तर वर्षांच्या श्रमांचा अपमान करण्यासारखे वाटते.

याहून अस्वस्थ करणारे प्रश्न क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी उपस्थित केले. इंडियानापोलिस (२०१०) व पॅरिस (२०१२) येथे निष्णात वादकांना, कोणते वाद्य हाती आहे हे कळू न देता, जुनी इटालियन व नवी व्हायोलिन वाजविण्यास दिली. त्यांना जुने-नवे खात्रीने ओळखता आले नाही आणि अनेकांनी नवे वाद्य पसंत केले. सभागृहातील श्रोत्यांवर घेतलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांचा निष्कर्षही असाच होता. यावर पुष्कळ वादकांचे म्हणणे असे, की थोर वाद्याची ओळख पटण्यास काही मिनिटे नव्हे, काही महिने लागतात. दोन्ही बाजू विचारात घेता, स्ट्रॅड अजिंक्य आहे ही समजूत सोडावी लागते. पण ज्या नव्या वाद्यांनी त्याची बरोबरी केली, तीही बहुतांशी त्याच्याच मापांवर बेतलेली आहेत, हे नजरेआड करता येत नाही. बाजारावर या प्रयोगांचा परिणाम झालेला नाही. १७२१ चे ‘लेडी ब्लंट’ १९७१ मध्ये ८४,५०० पौंडांस विकले गेले होते. २०११ मध्ये जपानमधील भूकंपग्रस्तांच्या साहाय्यार्थ झालेल्या लिलावात त्याला ९८ लाख पौंड मिळाले. परिणामी ही वाद्ये वादकांच्या आवाक्याबाहेर गेली असून बहुधा संस्था वा धनिक ती त्यांना वापरण्यासाठी उसनी देतात.

क्रेमोनाचे साचे अखेर परत आले. कोझिओच्या वारसांकडून ते विकत घेणारा व्हायोलिनकार जुझेप्पे फ्योरीनी याने १९३० मध्ये ते नगरास अर्पण केले. स्त्रादिव्हारीच्या द्विशताब्दीनंतर, १९३८ मध्ये तेथे व्हायोलिननिर्मितीचे विद्यालय निघाले व तुटलेली परंपरा पुस्तके, साचे आणि जुनी वाद्ये समोर ठेवून पुन्हा उभी करण्यात आली. २०१२ मध्ये युनेस्कोने क्रेमोनाच्या या कारागिरीचा मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला. २०१३ मध्ये तेथे व्हायोलिन संग्रहालय उघडले. जानेवारी २०१९ मध्ये स्त्रादिव्हारी, आमाती व ग्वार्नेरी यांच्या काही वाद्यांचा एकेक स्वर ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम या संग्रहालयाच्या सभागृहात हाती घेण्यात आले. बाहेरच्या दगडी रस्त्यावरील वाहनांचा व टाचांचा आवाज सूक्ष्मग्राही ध्वनिग्राहकांत उतरू लागला, तेव्हा नगरपालिकेने आसपासचे रस्ते बंद केले, महापौराने नागरिकांना शांतता पाळण्याची विनंती केली आणि सुमारे पाच आठवडे तो भाग निःशब्द राहिला.